दचकवणारे पुष्कळ झाले, आता घाबरवणारे भयपट कुठले बघावेत?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पहिला 'द कॉन्ज्युरिंग' पाहिला तेव्हा तुम्ही दोघं खरोखर घाबरला होतात. मग त्याच जातीचे बरेच चित्रपट पाहिले आणि आता कुठे काय आदळणार ते आधीच कळतं. बायकोला रक्तपात बघवत नाही. जुने-नवे, कुठल्याही भाषेतले चालतील, पण नुसती यादी नको, का बघायचं तेही हवंय. आणि तेरा वर्षांचा मुलगा 'मलापण बघायचाय' म्हणून मागे लागलाय.

मी चित्रपटांच्या साउंडचं काम करतो. मराठी, हिंदी, मधूनमधून वेब सिरीज, त्यात काही भयपटही आले. तेव्हा उत्तर कानांच्या बाजूला झुकलेलं असणार हे धरून चाला. कॅमेरामनला विचारलंत तर तो वेगळे चित्रपट सांगेल आणि तेही बरोबरच असतील.

आधी तुम्हाला कंटाळा कशाचा आलाय ते बघू. जंप स्केअर, म्हणजे एकदम दचकवायची युक्ती, आवाजाच्या मिक्सिंगच्या टेबलावर कशी बनते ते सांगतो. प्रसंगातला अँबियन्स, म्हणजे पंखा, रातकिडे, लांबची रहदारी, हळूहळू खाली उतरवायचा. दोन-तीन सेकंद जवळजवळ काहीच नाही ठेवायचं. प्रेक्षक नकळत कान टवकारतो. मग एकदम पूर्ण जोराचा आवाज, त्याच्याखाली एक जाड धम्म, आणि पडद्यावर चेहरा. अशा आवाजाला माणसाचं शरीर उडतंच. त्यासाठी गोष्ट लागत नाही, पात्रं लागत नाहीत, भूतही लागत नाही. मांजर उडी मारून गेली तरी चालतं, आणि बऱ्याचदा मांजरच असते. निर्माता मागे बसून 'इथे अजून एक टाका' म्हणतो, तेव्हा तो हेच मागत असतो. ह्याची अडचण अशी की शांतता सुरू झाली की आता काय येणार हे तुमच्या कानांना दहा चित्रपटांत पाठ होतं. तुमचं तेच झालंय. 'द कॉन्ज्युरिंग' (2013) मुळात चांगला बांधलेला चित्रपट आहे. अंधारात टाळ्या वाजण्याचा प्रसंग आजही मी नवीन मुलांना दाखवतो. त्याची नक्कल करणाऱ्यांनी टाळ्या घेतल्या आणि त्याच्या आधीचं घर, ती आई, त्या मुली सोडून दिल्या.

म्हणून तुम्हाला जे भयपट सुचवतोय ते वाट बघायला लावणारे आहेत. त्यातले काही संथ आहेत. हे आवडेल की नाही हे मात्र तुमच्यावर आहे. कोणाला घराची भीती वाटते, कोणाला शरीराची, कोणाला आपलंच डोकं फिरेल ह्याची. श्रद्धेचाही भाग असतो. 'द एक्झॉर्सिस्ट' (1973) बघताना मी मुख्यतः त्यातल्या आवाजांची रचना ऐकत होतो, त्याला साउंडचं ऑस्कर आहे. माझ्या वसईच्या मित्राला, जो दर रविवारी चर्चला जातो, तो चित्रपट अर्ध्यात बंद करावा लागला. दोघांनी एकच चित्रपट पाहिला असं म्हणता येणार नाही. तुमच्या बायकोसाठी एक सूचना इथेच देतो: त्या चित्रपटात भुताच्या प्रसंगांपेक्षा हॉस्पिटलमधल्या तपासणीचा प्रसंग जास्त असह्य आहे, मानेत सुई घालतात तो. रक्त बघवत नसेल तर तो चित्रपट सध्या बाजूलाच ठेवा.

सुरुवात करा 'कॅट पीपल'पासून. 1942 चा, अमेरिकन, ब्लॅक अँड व्हाइट, जेमतेम सव्वा तासाचा. दिग्दर्शक जाक तुर्नर, निर्माता व्हॅल ल्यूटन. कंपनीने ल्यूटनला पैसे कमी दिले होते आणि वर चित्रपटाचं नाव ठरवून दिलं होतं. राक्षस दाखवायला बजेट नाही, म्हणून तो सावल्यांत आणि आवाजात ठेवला. एक बाई रात्री बागेच्या भिंतीलगत एकटी चालतेय. तिच्या सँडलचा आवाज, त्याच्यामागे दुसऱ्या सँडलचा आवाज. मग मागचा आवाज थांबतो. ती वळते, रस्ता रिकामा. ती वेग वाढवते, आपण गुरगुर ऐकायला तयार होतो, आणि एका बाजूने जोरात फुस्स करत बस येऊन उभी राहते. एडिटर मार्क रॉब्सनने जोडलेला तो कट इतका गाजला की पुढे ह्या युक्तीलाच 'बस' म्हणायला लागले. म्हणजे ज्या जंप स्केअरचा तुम्हाला वीट आलाय, त्याचा पूर्वज हा. फरक बघा, इथे दचकवण्याच्या आधी मिनिटभर फक्त पावलं आहेत आणि ती पावलं गोष्टीतली आहेत. कोण मागे येतंय आणि का, हे आपल्याला माहीत आहे. ह्याच चित्रपटात पुढे रिकाम्या स्विमिंग पूलचा प्रसंग आहे. पाण्याचा उजेड छतावर हलतोय, भिंतींवरून आवाज घुमतोय, बाकी काही नाही. तो इअरफोन लावून बघा.

ल्यूटनच्या हाताखाली तयार झालेला एक माणूस म्हणजे रॉबर्ट वाइज. त्याने पुढे मोठमोठे संगीतपट केले, पण मधल्या काळात, 1963 साली, 'द हाँटिंग' केला. शर्ली जॅक्सनच्या कादंबरीवर आहे. मला कोणी एकच भयपट सांगा म्हणालं तर बहुतेक वेळा मी हाच सांगतो. चार माणसं एका बदनाम घरात राहायला जातात, एवढीच गोष्ट. अख्ख्या चित्रपटात भूत दिसत नाही. रात्री कोणीतरी पॅसेजमधून दारं ठोकत येतं. आवाज लांबून जवळ येतो, दारापाशी थांबतो, चाचपडतो, परत सुरू होतो. आत दोन बायका एकमेकींना बिलगून बसल्यात आणि कॅमेरा फक्त त्यांच्याकडे आणि दाराकडे बघतोय. काही वेळाने ते जाड लाकडी दार आतल्या बाजूला फुगतं. एवढंच. 1999 साली ह्याच कथेवर पुन्हा एक चित्रपट निघाला, त्यात कॉम्प्युटरने सगळं दाखवलं, आणि कोणी घाबरलं नाही. दोन्ही लागोपाठ बघणार असाल तर मी लिहिलेलं सगळं विसरून जा, ते दोन चित्रपटच तुम्हाला शिकवतील.

'द हाँटिंग' आवडला तर 'द इनोसंट्स' (1961). हेन्री जेम्सच्या कथेवरचा, डेबोरा कर शिक्षिकेच्या मुख्य भूमिकेत. सुरुवातीला पडदा काळाच राहतो आणि एका मुलीचं गाणं ऐकू येतं, इतका वेळ की टीव्ही बिघडला की काय असं वाटावं. ह्यातलं भूत भर दुपारी, तळ्याच्या पलीकडे, लव्हाळ्यांत उभं आहे. ते धावत येत नाही, काही करत नाही, आणि त्या शिक्षिकेची नजर तिथवर पोचली नसती तर बरं झालं असतं असं आपल्याला वाटतं. शेवटपर्यंत ठरत नाही की भूत खरं होतं की त्या शिक्षिकेच्या डोक्यात. तुम्ही दोघं चित्रपटानंतर भांडाल, आणि तशी भांडणं चांगली.

'सायको' (1960) तुम्ही पाहिलाच असेल. परत बघाल तेव्हा दोन गोष्टींकडे लक्ष द्या. एक म्हणजे बाथरूमच्या प्रसंगाला हिचकॉकला संगीत नको होतं. बर्नार्ड हर्मनने तरीही व्हायोलिनची ती किंकाळी लिहून ऐकवली आणि हिचकॉकने मत बदललं. पूर्ण चित्रपटाला फक्त तंतुवाद्यं आहेत. दुसरी, चाकूचा आवाज खरबुजात सुरा खुपसून केलेला आहे आणि रक्ताच्या जागी चॉकलेटचं सिरप आहे. तुमच्या बायकोला हे आधीच सांगून ठेवलंत तर प्रसंग सुसह्य होईल, किंवा आयुष्यभर खरबूज खाताना त्रास होईल, सांगता येत नाही.

आता आपल्याकडच्या जुन्यांकडे वळतो, कारण 'जुने भयपट' म्हटलं की आपण थेट रामसे बंधूंवर जातो. रामसेंचे चित्रपट मला आवडतात. 'पुराना मंदिर' (1984) मित्रांबरोबर बघायला धमाल आहे. पण तुम्हाला हवंय ते तिथे नाही. तुम्ही 'महल' (1949) बघा. कमाल अमरोहींचा पहिला चित्रपट, अशोककुमार आणि मधुबाला. आज तो भयपट वाटणार नाही कदाचित, गाणी भरपूर आहेत, शेवट रेंगाळतो. पण 'आयेगा आनेवाला'चा मुखडा येण्याआधीचा भाग नीट ऐका. आवाज लांबून येतो आणि जवळ येतो. आज आम्ही हे एक बटण फिरवून करतो. तेव्हा खोलीच्या मधोमध माइक ठेवला आणि लताबाई कोपऱ्यातून गात गात माइककडे चालत आल्या. खेमचंद प्रकाश ह्यांचं संगीत. रिकाम्या हवेलीत, कोण गातंय ते दिसत नाही, कुठून गातंय तेही कळत नाही. हिंदी चित्रपटातल्या पांढऱ्या साडीतल्या सगळ्या बाया ह्या एका आवाजातून निघाल्यात असं माझं मत आहे.

दुसरा सत्यजित राय ह्यांचा 'मणिहारा'. 1961 च्या 'तीन कन्या'मधला मधला भाग, टागोरांच्या कथेवर. दागिन्यांच्या हव्यासाची गोष्ट आहे. परदेशात 'तीन कन्या' दाखवताना हा भाग बराच काळ वगळलेला असायचा, त्यामुळे प्रिंट घेताना तीनही कथा आहेत ना बघा. मराठीत 'हा खेळ सावल्यांचा' (1976) आहे, आशा काळे आणि काशिनाथ घाणेकर. 'गोमू संगतीनं' सगळ्यांना पाठ आहे, पण ते गाणं एका मनोविकाराच्या आणि भीतीच्या चित्रपटातलं आहे हे कित्येकांना ठाऊक नसतं. आज बघताना त्याचा काळ जाणवतो, तेवढं सांभाळून घ्या.

जपान्यांना वेगळा वेळ द्या. 'क्वाइदान' (1964) तीन तासांचा आहे, चार स्वतंत्र कथा, त्यामुळे चार रात्री बघता येतो. मासाकी कोबायाशीने बराचसा विमानाच्या हँगरमध्ये सेट लावून केला. आकाश रंगवलेलं आहे आणि एका कथेत त्या आकाशाला डोळे आहेत. संगीत तोरू ताकेमित्सूचं, पण त्याला संगीत म्हणायचं की लाकूड फुटण्याचे आवाज म्हणायचे, हा प्रश्न आहे. पहिल्या कथेत माणूस धावतो, आपटतो, आणि त्याचे स्वतःचे आवाज काढून टाकलेले आहेत. हे कळायला थोडा वेळ लागतो, पण छातीत काहीतरी बिघडल्यासारखं आधीच वाटायला लागतं. तिसरी, आंधळ्या गायक होईचीची कथा सगळ्यात प्रसिद्ध. युद्धात मेलेल्यांना त्यांच्याच पराभवाचं गाणं ऐकायचं असतं.

नंतरच्यांपैकी 'रिंगू' (1998) म्हणजे टीव्हीतून बाहेर येणारी बाई. तिची चाल विचित्र वाटते, कारण नटीला उलटं चालवून चित्रण उलट फिरवलंय. मुलाला कॅसेट म्हणजे काय हे आधी समजावून सांगावं लागेल, नाहीतर त्याला सगळ्याचंच हसू येईल.

पण तुमच्यासाठी खरा चित्रपट 'क्युअर' (1997) आहे, कियोशी कुरोसावाचा. (अकिरा कुरोसावाशी नातं नाही.) टोकियोत खून होतायत. मारणारी माणसं वेगवेगळी, साधी, एकमेकांना न ओळखणारी. खून करून तिथेच बसून राहतात आणि का केला ते सांगता येत नाही. त्या सगळ्यांना आधी भेटलेला एक तरुण सापडतो, ज्याला काही आठवत नाही आणि जो समोरच्याला फक्त विचारत राहतो, तू कोण आहेस? बस. भूत नाही, सैतान नाही. डिटेक्टिव्हच्या घरी त्याची आजारी बायको वॉशिंग मशीन रिकामंच चालू करते, आणि ते घरघरत राहतं. तो येऊन बंद करतो. दुसऱ्या वेळी ते चालू झालं तेव्हा मला पोटात गोळा आला होता, आणि पडद्यावर फक्त वॉशिंग मशीन होतं. रक्त थोडं आहे, बहुतेक लांबून दाखवलेलं, एक-दोन जागी बायकोला खिडकीबाहेर बघायला सांगावं लागेल. हा संपल्यावर लगेच झोपायला जाऊ नका.

नव्यांमध्ये गेल्या पंधराएक वर्षांत इतकं चांगलं काम झालंय की निवड करणं अवघड आहे. तुमच्या अटीत बसणारे तेवढे सांगतो.

'अंडर द शॅडो' (2016) फारसी आहे. ऐंशीच्या दशकातलं तेहरान, इराण-इराक युद्ध, वर क्षेपणास्त्रं पडतायत. एका आईला सरकारने वैद्यकीय शिक्षण पुरं करू दिलेलं नाही, नवरा आघाडीवर, ती आणि लहान मुलगी फ्लॅटमध्ये. न फुटलेलं क्षेपणास्त्र छतातून आत घुसतं आणि त्याच्या भेगेतून काहीतरी शिरलंय असं मुलगी म्हणते. एका प्रसंगात आई जिवाच्या भीतीने मुलीला उचलून रस्त्यावर पळते आणि पोलीस तिला पकडतात, डोकं झाकलेलं नाही म्हणून. आत जिन, बाहेर हे. असा प्रसंग लिहायला जमला की चित्रपटाला चेहऱ्याला रंग फासलेली बाई लागत नाही. जेमतेम दीड तासाचा आहे.

'लेट द राइट वन इन' (2008) स्वीडिश. स्टॉकहोमच्या बाहेरची बर्फातली वसाहत, शाळेत मार खाणारा मुलगा आणि शेजारी राहायला आलेली मुलगी, जी मुलगी नाही. मला हा प्रेमपट म्हणून आवडतो. रक्त आहे, आधीच सांगतो. 'गेट आउट' (2017) मध्ये रक्त शेवटी आहे. त्याच्या आधी चहाच्या कपात चमचा फिरवण्याचा आवाज आहे, आणि त्यानंतर तुमच्या घरातला चमचाही तुम्हाला आवडणार नाही. पटकथेचं ऑस्कर मिळालं त्याला. कोरियन 'द वेलिंग' (2016) अडीच तासांच्या वर जातो, सुरुवातीला विनोदी वाटतो, आणि त्यातला मांत्रिकाचा ढोलताशांचा विधी मोठ्या स्पीकरवर ऐकायला मिळाला तर सोडू नका.

'हेरेडिटरी' (2018) बद्दल सगळे सांगतीलच. फार ताकदीचा चित्रपट आहे. जिभेने काढलेला एक 'टॉक्' आवाज त्यात येतो आणि नंतर तो आवाज करणारं कोणी नसतानाही तुम्ही तो ऐकायला लागता. पण त्याचा गाभा घरातल्या मृत्यूनंतरचं दुःख आहे, आणि ते कोवळं नाही. तुमच्या घरी अलीकडे कोणी गेलं असेल तर हा बघू नका. हे मी सगळ्यांना सांगतो.

आता आपल्याकडचे नवे. 'तुंबाड' (2018) पाहिला असेल तर परत बघा. 2024 मध्ये थिएटरला पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला, ह्याचा मला व्यक्तिशः आनंद झाला होता. नारायण धारपांची पुस्तकं वाचून वाढलेल्यांना त्यातली एक सावली लगेच ओळखू येईल. चिपळूण-खेडच्या पट्ट्यातला पाऊस ज्याने पाहिलाय त्याला त्यातलं खोटं काही सापडणार नाही. पाऊस पार्श्वभूमीला नाही, तो प्रत्येक प्रसंगात वेगळा वाजतो: कौलावर, चिखलात, वाड्याच्या चौकात. साखळीने बांधलेल्या म्हातारीचा पहिला अर्धा तास हा मला हिंदीत बनलेला सगळ्यात भीतिदायक अर्धा तास वाटतो. पुढे लोभाची गोष्ट सुरू होते आणि भीती थोडी मागे पडते. ते चालतं.

मराठीत 'लपाछपी' (2017). विशाल फुरियाचा, पूजा सावंत गरोदर बाईच्या भूमिकेत. कर्जबाजारी नवरा लपण्यासाठी तिला उसाच्या फडातल्या एका एकाकी घरात आणतो. ऊस वाऱ्यावर कसा वाजतो हे आपल्यापैकी ज्यांनी सातारा-सांगलीकडे रात्र काढलीय त्यांना माहीत आहे. आत माणूस आहे की वारा, कधीच कळत नाही. शेवटी चित्रपट जे सांगायचं ते मोठ्याने सांगतो, मला ते जरा कमी चाललं असतं. ह्याच दिग्दर्शकाने पुढे हिंदीत 'छोरी' (2021) म्हणून हाच केला, पण आधी मराठी बघा.

आणि ज्यासाठी हे सगळं लिहितोय तो मल्याळम 'भूतकालम' (2022). आई आणि मुलगा, रेवती आणि शेन निगम. आजी वारते. मुलाला नोकरी नाही, आईला नैराश्य आहे, घर भाड्याचं. पहिला तासभर जवळपास काहीच घडत नाही, दोघं फक्त एकमेकांशी भांडतात. मुलाला काहीतरी ऐकू येतं आणि सगळे म्हणतात हा पितो, ह्याला डॉक्टरकडे न्या. भीती ही की घरात काहीतरी आहे, आणि त्याहून मोठी ही की आपल्या माणसाचा आपल्यावर विश्वास नाही. शेवटच्या भागात चित्रपट दार उघडतो. रक्त जवळजवळ नाही. ह्याच दिग्दर्शकाचा, राहुल सदाशिवनचा, 'भ्रमयुगम' (2024) पूर्ण ब्लॅक अँड व्हाइट आहे, मामुटी एका पडक्या वाड्यात बसलेला, पाऊस आणि तीन माणसं. तोही बघा, पण 'भूतकालम' आधी.

कुठला चित्रपट कुठल्या ओटीटीवर आहे ते सतत बदलतं, म्हणून देत नाही. नावाने शोधलंत की कळेल.

आता माझ्या धंद्याचा भाग, आणि हा वगळू नका. घरी भयपट फसतात त्याचं निम्मं कारण टीव्हीच्या सेटिंगमध्ये असतं. टीव्ही किंवा साउंडबारमध्ये 'नाइट मोड' असतो, तो हळू आवाज वर आणि मोठा आवाज खाली आणतो. म्हणजे आम्ही महिनाभर बसून जी शांतता बनवली ती नाहीशी होते. तो बंद करा. रात्री शेजाऱ्यांमुळे आवाज कमी ठेवावा लागत असेल तर रविवारी दुपारी पडदे ओढून बघा. दुपारी चार वाजता 'द हाँटिंग' पूर्ण आवाजात बघणं रात्री एकला पुटपुटत बघण्यापेक्षा कितीतरी चांगलं. चित्रातला 'व्हिव्हिड' मोडही काढा, त्याने अंधार राखाडी होतो.

डबिंग टाळा. डब करताना मूळ संवादांबरोबर श्वास, हुंदके, आवंढा गिळणं हेही जातं आणि स्टुडिओत नव्याने भरलं जातं. चांगले लोक चांगलं करतात, पण वेळ कमी असतो. 'भूतकालम'मध्ये रेवतीचा श्वास गेला तर उरतं काय? सबटायटल लावा. मात्र कर्णबधिरांसाठीची जी सबटायटल असतात, ज्यात कंसात 'दार करकरतं' असं लिहिलेलं येतं, ती गरज नसेल तर निवडू नका. बऱ्याचदा ती अक्षरं आवाजाच्या अर्धा सेकंद आधी उमटतात आणि सगळा खेळ संपतो.

क्रम विचाराल तर पहिल्या आठवड्यात 'कॅट पीपल', मग 'भूतकालम', मग 'द हाँटिंग', मग 'अंडर द शॅडो'. एक जुना, एक नवा. 'क्युअर' ह्या चौघांनंतर, तोपर्यंत तुमचे कान बदललेले असतील. ह्यातले दोन आवडले नाहीत तर माझी आवड तुमच्या कामाची नाही असं समजा आणि दुसऱ्या कोणाला विचारा.

राहिला मुलगा. सेन्सॉरचं प्रमाणपत्र बघा, पण त्याच्यावर पूर्ण विसंबू नका. कापाकापी किती हे त्यावरून कळतं, एखादा चित्रपट पोराच्या डोक्यात किती दिवस राहील हे कळत नाही. तेराव्या वर्षी 'कोरलाइन' (2009) उत्तम. बाहुल्यांचा अ‍ॅनिमेशनपट आहे म्हणून तो नाक मुरडेल, पण डोळ्यांच्या जागी बटणं शिवलेली दुसरी आई दिसली की गप्प बसेल. नंतर 'द अदर्स' (2001), रक्ताचा थेंब नाही, आणि शेवट कळल्यावर तो स्वतःच परत पहिल्यापासून बघायला मागेल. 'अ क्वाएट प्लेस' (2018) ही चालेल. त्यातली मुलगी बहिरी आहे आणि कॅमेरा तिच्या बाजूने गेला की आवाज पूर्ण जातो. सुरुवातीलाच एका लहान मुलाचा मृत्यू आहे, तो तुम्ही आधी एकदा बघून ठरवा. 'तुंबाड' आणि 'हेरेडिटरी' दोन-तीन वर्षं थांबू द्या. तो मित्राच्या मोबाइलवर बघेलच, हे मला माहीत आहे. पण मोबाइलच्या स्पीकरवर त्यातलं निम्मं ऐकूच येत नाही, त्यामुळे फार बिघडणार नाही.